बाबा रोज रात्री अडीचला उठून चहा टाकतात, कुणाला दाखवू?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी मालवणची, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज धागा काढतेय कारण घरात सगळ्यांच्याच झोपेचं खोबरं झालंय. माझे बाबा, वय सदुसष्ट, आयुष्य ट्रॉलरवर गेलं, शेवटची बरीच वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दर्यात जाणं सोडलं. आता संध्याकाळी सातला जेवतात, टीव्हीसमोर बसतात आणि आठच्या आत आडवे. आणि रात्री अडीचला टक्क जागे. रोज. पडवीतली ट्यूब लावतात, चहा टाकतात, अंगणात फेऱ्या मारतात, मग कुत्रा भुंकतो, आई उठते, मी उठते, आणि मला सकाळी शाळेत सातवीच्या वर्गासमोर उभं राहायचं असतं. दिवसा मात्र ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या, समोरचा बोलत असतो आणि हे झोपलेले. घोरणं तर विचारूच नका, आईने कधीच आपला बिछाना माजघरात हलवलाय.

एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय, अर्धी. त्याने अडीचचे साडेतीन झाले, पण सकाळी न्हाणीघरात जाताना तोल जातो त्याची भीती वाटते. बाकी सल्ले भरपूर. जायफळ घालून दूध झालं, तळपायाला तेल झालं, "जाग येतेच तर पहाटे फिरायला जा" हेही झालं, आता मामा मुंबईहून मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गोळ्या घेऊन येतोय. नक्की कुणाला दाखवायचं? की वयाचं आहे म्हणून सोडून द्यायचं?

घावणे
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे सासरे सेम टू सेम.

खाडीकाठचो
अगो बाय, हो आजार न्हय. जन्मभर माणूस भरती-सुकतीच्या तालार जगलो, आता घराकडे बसान ता सुटतला काय? तिथीक पाऊणपट केलां की भरतीची येळ गावता, चवथीक तीन, अष्टमीक सहा, ह्यो हिशोब तांडेलाच्या डोक्यात नाय, रगतात असता. माझो बापूस पण तसोच होतो. गोळ्ये देव नको, त्येका अंगणात फिरांदे.

लाजाळू
खाडीकाठचो, तिथीचा हिशोब एकदम बरोबर, पण त्याच हिशोबाने तुमचं म्हणणं खोटं पडतंय बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते कारण चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा. म्हणजे बाबा भरतीप्रमाणे उठत असते तर आज अडीच, उद्या सव्वातीनच्या पुढे, परवा चार वाजून गेलेले असं सरकत जायला हवं होतं. सुरंगी म्हणतेय रोज अडीच. हे सूर्याचं घड्याळ आहे, चंद्राचं नाही.

खेकड्यांचं मात्र तुम्ही म्हणता तसं असतं. खाजणातल्या चिखलात ते एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे दिसतात ना, त्यांच्या जातभाईंना प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं, जिथे ना पाणी चढतं ना उतरतं, तरी ते भरती-ओहोटीच्या तालावरच हालचाल करत राहतात असं दिसलंय. माणसात चंद्राचा परिणाम अगदीच नाही असं नाही. २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा समाजाच्या लोकांवर अभ्यास आला होता, पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत सिएटलसारख्या झगमगाटी शहरातल्या विद्यार्थ्यांतही तेच दिसलं. पण ते थोडंफार इकडेतिकडे. रोजचं घड्याळ लावतो तो सूर्यच.

आता आयडीचा मान राखून एक किस्सा. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधाऱ्या जागेत कोंडून ठेवलं. ऊन दिसत नसतानाही झाड दिवसा पानं उघडत होतं आणि रात्री मिटत होतं. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच आहे. ते पेशीत चालतं कसं हे कळायला मात्र पुढे अडीचशेहून जास्त वर्षं गेली, फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर काम करून. 'पिरियड' नावाचं जनुक एक प्रथिन बनवतं, ते प्रथिन साठत जातं आणि शेवटी त्याच जनुकाचं काम थांबवतं, मग प्रथिन हळूहळू मोडतं आणि जनुक परत सुरू. हा फेरा साधारण चोवीस तासांचा. हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना यासाठी २०१७ चं नोबेल मिळालं.

चाकरमानी_पालघर
+१. बादवे, आपल्याकडेही हे काम झालंय हे फार जणांना माहीत नसतं. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर आणि नंतर माणसांवर प्रयोग केले होते. माणसांना घड्याळ नाही, ऊन नाही, बाहेरचा आवाज नाही अशा खोल्यांत ठेवून ती कधी झोपतात कधी उठतात ते बघायचं.

घावणे
बापरे. फुकट जेवण आणि मोबाईल नाही, मी आनंदाने जाईन.

नाकघसा_कुडाळ
सुरंगीताई, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, झोपेच्या आजारांचं काम करतो. धाग्यात घड्याळाची चर्चा छान चाललीय पण मला वेगळीच काळजी वाटतेय. आधी आईला विचारा, कारण बाबांना स्वतःला काही सांगता येणार नाही. घोरणं मधेच एकदम थांबतं का, काही सेकंद शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन परत सुरू? रात्री लघवीला किती वेळा उठतात? बीपी आहे का? सकाळी डोकं जड असतं का? आणि झोपेत हातपाय मारतात, ओरडतात का? उत्तर येईपर्यंत मेलाटोनिन सुरू करू नका. झोपेची गोळी अचानक स्वतःहून बंदही करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना घोरण्याबद्दल आणि तोल जातो त्याबद्दल आजच सांगा.

सुरंगी
डॉक्टर, आईला विचारलं. तिने जे सांगितलं ते मला या घरात राहून माहीत नव्हतं. घोरणं थांबतं आणि मग घशात काहीतरी अडकल्यासारखे दचकतात, हे तिला कायम वाटायचं की कफ आहे. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नाही. लघवीला तीन-चारदा. आणि झोपेत ओरडतात, "वढ रे, वढ!" असं, दोन्ही हातांनी जाळं ओढल्यासारखं करतात, लाथा मारतात. आई माजघरात गेली ती घोरण्यामुळे नाही, एकदा कोपर तिच्या डोळ्यावर बसलं म्हणून. तिने कुणाला सांगितलं नाही कारण लोक काय म्हणतील, नवरा मारतो म्हणतील.

घावणे
अगं बाई. काकूंना माझा नमस्कार सांग.

नाकघसा_कुडाळ
आईंनी सांगितलं ते फार बरं झालं. आता जरा सविस्तर लिहितो.

बाबांना एक नाही, दोन वेगळी दुखणी असावीत आणि ती एकमेकांत मिसळलीत. एक झोपेच्या वेळेचं, दुसरं झोपेच्या आतलं. लोक दोघांवर एकच औषध मागतात, गोळी.

आतलं आधी बघू. घोरणं, मधे श्वास थांबणं, गुदमरून जाग, दिवसा डुलक्या, दाद न देणारं बीपी, रात्री पुन्हा पुन्हा लघवी, हे सगळं एका ओळीत लावलं की स्लीप अ‍ॅप्निया डोळ्यासमोर येतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मागची वाट बंद होते, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला असे पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. प्रत्येक वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, म्हणून बीपी ऐकत नाही. लघवीचंही तेच, बंद घशाविरुद्ध छाती ओढते तेव्हा हृदयावर ताण येतो आणि हृदय एक हार्मोन सोडतं ज्याने लघवी जास्त होते. बरेच लोक प्रोस्टेट म्हणून वर्षानुवर्षं फिरत असतात. आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या हे घशाचे स्नायू आणखी सैल करतात. संध्याकाळी दारू घेत असतील तर तीही तेच करते, ते तेवढं विचारून ठेवा.

आता जाळं ओढणं. आपण स्वप्नं जास्त करून ज्या झोपेत बघतो, जिला रेम झोप म्हणतात, त्यात मेंदू हातापायाचे स्नायू ढिले करून ठेवतो. काही लोकांत, बहुतेक करून पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांत, हे ढिलं करणं बिघडतं आणि माणूस स्वप्न अंगाने जगतो. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये याचं वर्णन केलं. याकडे लक्ष द्यायचं कारण असं की यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा तशा गटातला आजार होतो. घाबरू नका, पूर्ण वाचा. तीव्र अ‍ॅप्नियामध्येही गुदमरून जाग येताना माणूस ओरडतो, हात झाडतो, आणि ते बाहेरून अगदी तसंच दिसतं. फरक फक्त रात्रभराच्या तपासणीत कळतो, जिथे मेंदूच्या लहरी, डोळे, हनुवटीचे आणि पायाचे स्नायू, श्वास, ऑक्सिजन हे सगळं एकाच वेळी नोंदतात आणि व्हिडिओ चालू असतो. म्हणून तुम्हाला घरी बोटाला लावून करायची छोटी टेस्ट पुरणार नाही, लॅबमधली पूर्ण पॉलिसोम्नोग्राफीच करा. कोल्हापूर, गोवा, मुंबई, जिथे सोयीचं. तोपर्यंत बाबांच्या पलंगाजवळचं कोयता, काठी, काचेचा ग्लास सगळं लांब, आणि आई माजघरातच राहू देत.

वेळेच्या दुखण्याबद्दल लाजाळूंनी लिहावं, ते रंगात आलेत.

रात्रकिडा
अवांतर होईल पण डॉक्टर, मला उलट होतं. पहाटे डोळे उघडतात, खोली दिसते, पण बोटसुद्धा हलत नाही आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. आजी म्हणते देवचार, घरी नारळ उतरवून झाला.

नाकघसा_कुडाळ
रात्रकिडा, नारळाची कढी करा. तुमचं खरंच उलट आहे. सुरंगीच्या बाबांत कदाचित स्नायू ढिले व्हायचेच राहतात, तुमच्यात जाग आली तरी ते काही क्षण ढिलेच राहतात आणि स्वप्नाचा तुकडा डोळ्यासमोर रेंगाळतो. छातीवरचं ओझं म्हणजे श्वास तेवढा वेळ फक्त छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूवर चाललेला असतो. पुरेशी झोप नसेल किंवा उताणं झोपत असाल तर जास्त होतं. एखाददुसऱ्या वेळी होत असेल तर निरुपद्रवी. पण दिवसा अनावर झोप येत असेल किंवा जोरात हसल्यावर गुडघे ढिले पडत असतील तर मात्र मला सांगा, तो वेगळा आजार असू शकतो.

रात्रकिडा
हसल्यावर काही होत नाही. देवचार गेला म्हणायचा. धन्यवाद.

लाजाळू
घ्या, वेळेचं दुखणं.

डोळ्यांच्या मागून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर मेंदूत साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे, ते मुख्य घड्याळ. हे माणसात सरासरी २४ तासांहून किंचित लांब चालतं, दहा-बारा मिनिटांनी. म्हणून ते रोज लावावं लागतं आणि लावतो तो उजेड. डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक जात आहे जिला चित्र दिसत नाही, फक्त किती उजेड आहे तेवढं कळतं, आणि निळसर उजेडाला ती सगळ्यात जास्त प्रतिसाद देते. ज्यांचे डोळे पूर्ण गेलेत अशा बऱ्याच लोकांचं घड्याळ सैल सुटतं, रोज थोडं थोडं सरकत जातं आणि काही आठवड्यांनी ते भर दुपारी झोपेला येतात. पण दृष्टी गेलेल्या काहींत ही वेगळी जात शाबूत असते आणि त्यांचं घड्याळ व्यवस्थित लागतं.

आता खरी गोम. उजेड म्हणजे नुसतं "जागं करणारं" औषध नाही, त्याला दिशा आहे. संध्याकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते. पहाटे आणि सकाळचा उजेड पुढे ओढतो, म्हणजे झोप लवकर येते. उलटण्याचा बिंदू शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं तिथे, नेहमीच्या जागेच्या वेळेआधी साधारण दोन तास.

सुरंगीच्या बाबांचं घड्याळ आधीच फार पुढे गेलंय, वयाने थोडं जातंच. तर आता बघा ते काय करतायत. सातला जेवून टीव्हीच्या मंद उजेडात, संध्याकाळचा खरा उजेड डोळ्यात गेलेलाच नाही. अडीचला उठून ट्यूब लावली, म्हणजे घड्याळ आणखी पुढे. कुणीतरी पहाटे फिरायला जा सांगितलं, सूर्योदयाचा उजेड मिळाला, आणखी पुढे. आणि मामाचं मेलाटोनिन संध्याकाळी दिलं की ते घड्याळाला सांगणार, रात्र झाली, आणखी पुढे! हे सगळे सल्ले वाईट नाहीत, पण ते उशिरा झोपणाऱ्या माणसाचे आहेत.

बाबांना उलटं हवं. संध्याकाळी पाचपासून सूर्य बुडेपर्यंत त्यांना किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसवा, काळा चष्मा नको. ढगाळ असलं तरी बाहेर हजारो लक्स उजेड असतो, घरात ट्यूबखाली दोनशे-तीनशे मुश्किलीने. परदेशात लोक यासाठी महागड्या लाईटच्या पेट्या विकत घेतात, आपल्याला देवाने अख्खा अरबी समुद्र पश्चिमेला दिलाय. जेवण आठ-साडेआठला. रात्री उठले तर ट्यूब नाही, झिरोचा लालसर बल्ब, आणि चहा तर नाहीच, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. मोतीबिंदू आहे का तेही बघा. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड आत कमी जातो, ऑपरेशननंतर काहींची झोपही सुधारते.

पाऊसवेडी
थांबा थांबा. माझा सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी साडेसहापर्यंत क्रिकेट खेळतो किनाऱ्यावर, रात्री तीनपर्यंत टक्क जागा, सकाळी हलवून हलवून उठत नाही. मी मोबाईलला शिव्या घालतेय. म्हणजे समुद्रकिनाऱ्यामुळे होतंय की काय?

लाजाळू
हाहा, क्रिकेट बंद करू नका हो. या वयात घड्याळ मुळातच मागे रेंगाळतं, वयात येताना सुरू होतं आणि विशीच्या आसपास परत पुढे यायला लागतं. आळस नाही तो. मोबाईलचा निळा उजेड थोडा कारणीभूत, पण त्याहून जास्त त्यात जे चाललेलं असतं ते झोपू देत नाही असं माझं मत. त्याच्यासाठी सकाळचा उजेड. एकदम सहाला उठवू नका, तीनला झोपणाऱ्याचा तो उलटण्याचा बिंदू सकाळी आठ-नऊला असू शकतो, त्याआधी उन्हात काढलंत तर घड्याळ आणखी मागे जाईल. आज ज्या वेळी आपणहून उठतो तेव्हा लगेच बाहेर अंगणात, आणि दर दोन-तीन दिवसांनी उठण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे. रविवारीसुद्धा. रविवारी बारापर्यंत झोपू दिलं की आठवड्याची मेहनत गेली.

पाऊसवेडी
रविवार अवघड आहे. बघते.

चाकरमानी_पालघर
यात भारतीय प्रमाणवेळेचाही हात आहे. ती ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. रत्नागिरी ७३.३ वर. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३७ मिनिटं मागे, माध्यान्ह होते साडेबारा उलटून गेल्यावर. पूर्वी मुंबईची वेगळी वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत चालू होती. कोकणातल्या पोराला सकाळी सातच्या शाळेला बोलवणं म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनाच बोलवणं. डिसेंबरात तर तेव्हा उजाडतंय जेमतेम.

सुरंगी
शिक्षिका म्हणून याला अनुमोदन. पहिल्या तासाला मी सुद्धा झोपेत असते.

निशाचर_लोटे
मी लोटे एमआयडीसीत, केमिकलमध्ये. पहिली, दुसरी, रात्रपाळी, दर आठवड्याला बदल. आमच्याकडे क्रम उलटा आहे, रात्रपाळीनंतर दुसरी मग पहिली. रात्रपाळीत पहाटे चार ते सहा नुसता मरण येतं, पॅनेलवरचे आकडे दिसतात पण डोक्यात शिरत नाहीत, आणि घरी आल्यावर अकराच्या पुढे झोप नाही. काही उपाय? नोकरी सोड हा सोडून.

लाजाळू
घड्याळ चोवीसहून लांब चालतं म्हणून मागे ढकलणं सोपं, पुढे ओढणं कठीण. त्यामुळे पहिली, मग दुसरी, मग रात्र हा क्रम बऱ्याच जणांच्या शरीराला कमी त्रासाचा. युनियनमार्फत हे मागता येतं, खर्च काहीच नाही. रात्रपाळीत पहिल्या चार-पाच तासांत जितका भक्कम उजेड मिळेल तितका घ्या, तीननंतर कमी. सुटल्यावर घरी जाताना काळा चष्मा घाला, सकाळचं ऊन डोळ्यात जाऊ नये, ते घड्याळाला परत दिवसावर आणतं. खोलीला जाड गडद पडदे. आणि चार ते सहाचं ते मरण खरंच आहे, शरीराचं तापमान तेव्हा तळाला असतं, इच्छाशक्तीचा प्रश्न नाही.

नाकघसा_कुडाळ
काळ्या चष्म्याबद्दल एक सांगतो. बाईकवर असाल तर रात्रपाळीहून येताना तो घालू नका, परशुराम घाटात तर मुळीच नाही. कंपनीच्या बसने या आणि बसमध्ये घाला. डुलकी डोळे उघडे ठेवूनही लागते, काही सेकंदांची, आणि माणसाला ती लागली हे कळतही नाही. निघायच्या आधी कॉफी पिऊन लगेच वीसेक मिनिटं झोपा, कॉफी चढायला तेवढा वेळ लागतो, उठताना दोन्हीचा फायदा. गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी चालवत येणाऱ्यांनीही हे वाचावं. खिडकी उघडून गाणी मोठ्याने लावल्याने काही होत नाही. रात्रपाळीवाल्यांनी बीपी, साखर तपासत राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला "बहुधा कर्ककारक" गटात टाकलंय आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलंय. कंपन्यांच्या सेफ्टी बोर्डावर हे कधी दिसत नाही.

निशाचर_लोटे
कॉफीचं आजपासून. क्रमाचं युनियनमध्ये बोलतो.

खाडीकाठचो
सगळा वाचलंय. लाजाळू, अडीचचा गणित माका पटला. पण एक सांगतंय, ट्रॉलरार माणूस रात्री सलग कधी झोपताच नाय. दोन-तीन तासांनी जाळा वढूचा, मासळी निवडूची, बर्फात भरूची, परत पडूचा. तीस-चाळीस वर्सां ह्या केल्यार सलग झोपेची सवय खयसून येतली?

नाकघसा_कुडाळ
हा मुद्दा रास्त आहे आणि आम्ही डॉक्टर लोक तो विचारायला विसरतो. तुकड्यातली झोप अंगवळणी पडलेली असते, आणि घरच्यांनाही "दर्यावर्दी माणूस, असाच झोपायचा" म्हणून श्वास थांबतोय हे लक्षात येत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी असताना झोप कशी होती ते विचारा. तेव्हा सलग झोपून ताजेतवाने उठत असतील तर मग आताचं तुटणं सवयीचं नाही.

सुरंगी
विचारलं. आई म्हणाली तरुणपणी बंदीच्या दिवसात पावसाच्या आवाजात नऊ नऊ तास झोपायचे, हाक मारून उठवावं लागायचं. घोरणं वजन वाढल्यावर सुरू झालं, साधारण पन्नाशीत.

कोल्हापूरची तारीख मिळालीय. बाबा म्हणतात डोक्याला वायरी लावून कुणाला झोप लागेल. बघू.

घावणे
वाट बघतेय अपडेटची. सासऱ्यांचा पण नंबर लावायचाय.

सुरंगी
अपडेट. उशीर झाला, परीक्षा चालू होत्या. वायरी लावून बाबा पाच मिनिटांत घोरायला लागले म्हणे. तासाला ४४ अडथळे, ऑक्सिजन खाली ७१ पर्यंत. दुसरी गोष्ट, ज्याने माझी झोप उडाली होती, ती म्हणजे रेम झोपेत स्नायू व्यवस्थित ढिले होतायत. जाळं ओढणं सगळं गुदमरून जाग येताना होतं, व्हिडिओत स्पष्ट दिसलं. म्हणजे पार्किन्सनवालं नाही. झोपेची गोळी त्याच डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लावलंय. पहिल्या रात्री मास्क फेकून दिला, मग नाकावरचा छोटा मास्क बदलून मिळाला तो चाललाय. आई परत खोलीत आलीय. दिवसा ओट्यावरच्या डुलक्या जवळजवळ बंद.

पण जाग अजूनही साडेतीनलाच येते! फरक इतकाच की उठतात तेव्हा चेहरा फ्रेश असतो. मशीनने घड्याळ हललं नाही.

नाकघसा_कुडाळ
उत्तम बातमी, आणि हे असंच होणार होतं. मशीन म्हणजे नुसता हवेचा दाब, त्याने घशाची वाट उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. ते श्वासाचं काम करतं, वेळेचं नाही. बीपी मात्र महिनाभरात परत मोजा, गोळी कमी करावी लागू शकते.

लाजाळू
संध्याकाळचा किनारा चालू आहे का?

सुरंगी
कधी जातात कधी नाही. पावसाळा तोंडावर आलाय, आता ओट्यावरच पश्चिमेकडे खुर्ची टाकते.

एक व्यावहारिक प्रश्न आहे. पावसात इथे लाईट गेली की चार चार तास येत नाही. मशीन बंद पडलं तर मास्कमध्ये गुदमरणार नाहीत ना? आणि बाबा म्हणतायत बोटीची बारा व्होल्टची बॅटरी पडलीय ती जोडू या.

नाकघसा_कुडाळ
मास्कला बाहेर हवा जायची भोकं असतात आणि नाकाच्या मास्कवाला माणूस तोंडाने श्वास घेतो, गुदमरणार नाहीत, जाग येईल एवढंच. लाईट नसेल तर मास्क काढून कुशीवर झोपू द्या, उताणं नको, पाठीशी लोड लावा.

चाकरमानी_पालघर
बॅटरीचं मी सांगतो, आमच्या वडिलांकडे हेच मशीन आहे. डायरेक्ट जोडू नका! बरीच मशीन्स २४ व्होल्टवर चालतात. अ‍ॅडॉप्टरवर आउटपुट काय लिहिलंय त्याचा फोटो टाका. कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, त्यातून बारा व्होल्टची बॅटरी चालते. आणि बॅटरीवर असताना पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवा, सगळी वीज तोच खातो. बोटीची जुनी बॅटरी बंद खोलीत चार्ज करू नका, गॅस होतो, पडवीत ठेवा. अजून एक, किनाऱ्यालगत खाऱ्या दमट हवेत फिल्टर लवकर काळा पडतो, पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदला आणि नळी रोज उन्हात नको, सावलीत वाळवा.

सुरंगी
२४ व्होल्टच लिहिलंय. बाबांना दाखवलं, म्हणाले मग दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावू. त्यांना आवरते आधी, कन्व्हर्टरची लिंक द्या.